टिप पुन्हा पुन्हा निघते? गोंद बदलण्याआधी फेरूलचं तोंड तपासा

मृगाचा पाऊस लागला की बेळगावातल्या स्नूकर टेबलांवर एक वाक्य रोज कानावर पडतं : "काय ओ काका, परत टिप उडाली की!" टिप म्हणजे क्यूच्या, खेळायच्या काठीच्या, टोकावरची चामड्याची चकती. ती नवी असते, गोंद चांगल्यातला असतो, बसवून दोन दिवसही झालेले नसतात. मग दुसऱ्या कंपनीचा गोंद आणला जातो, त्यानंतर तिसऱ्या. आर्द्रा सरून तरणा पाऊस आला तरी टिप काही टिकत नाही. कॅम्प असो, टिळकवाडी असो, शहापूर असो की खानापूर, तक्रार हीच, आणि दोष सगळे गोंदालाच देतात.

वर्षानुवर्षं क्यू दुरुस्त करताना माझ्या समोर जे आलं त्यावरून ठामपणे सांगतो, गोंद क्वचितच दोषी असतो. टिप ज्यावर बसते ते फेरूलचं, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या पितळी कड्याचं, तोंड सपाट नसतं, नाहीतर तेलकट असतं, नाहीतर ओलं असतं. बऱ्याचदा तिन्ही. हे तीन दोष तसेच ठेवून कितीही महाग गोंद लावला तरी फरक पडत नाही.

पडलेली टिप फेकू नका

निघालेल्या टिपेची खालची बाजू हीच तपासाची पहिली जागा. दिव्याखाली धरून नीट बघा, मग फेरूलचं तोंड बघा.

गोंदाचा सगळा थर टिपेला चिकटून आला आणि पितळेचं तोंड स्वच्छ, चकचकीत राहिलं असेल, तर गोंदाने फेरूलला धरलंच नव्हतं. तिथे तेल होतं, घाम होता किंवा तोंड जास्त गुळगुळीत होतं. याच्या उलट, गोंद फेरूलवर राहिला आणि टिपेची खालची बाजू कोरी निघाली, तर टिप घासताना चुकलं. बऱ्याच टिपांच्या खालच्या बाजूला एक तकाकी असते, ती न काढता चिकटवली की गोंद चामड्यात मुरत नाही. गोंद दोन्हीकडे आहे पण काचेसारखा तडकलाय, असं दिसलं तर थर जाड झाला होता. सुपरग्लू पातळ थरात घट्ट धरतो, जाड थरात ठिसूळ होतो. आणि चामडंच फाटून अर्धं फेरूलवर, अर्धं टिपेला असं असेल, तर गोंदाने आपलं काम चोख केलं आहे. टिप जुनी किंवा भिजलेली होती. तीच पुन्हा चिकटवू नका.

आणखी एक खूण फार बोलकी आहे. गोंदाचा डाग फक्त मधोमध, ठिपक्याएवढा, आणि भोवतीने कोरी कड. ही खूण मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. टिप फक्त मध्यभागी टेकलेली होती, कडेला पोकळी होती. प्रत्येक फटक्याला ती कड दबते, उचलते, पावसाळी हवेतला ओलावा तिथून आत शिरतो आणि चेंडूच्या मध्याऐवजी बाजूला मारलेल्या (साइडच्या) एका शॉटला टिप उडते.

तोंड गोल कसं होतं

टिप निघाली की पोरं पॉलिश पेपर बोटावर घेतात आणि फेरूलचं तोंड घासतात. बोट मऊ, कागद मऊ. कागद कडेवरून खाली वळतो आणि कड जास्त झिजते, मध्य कमी. चार वेळा टिप निघाली म्हणजे चार वेळा घासलं, आणि दर वेळी तोंड थोडं अधिक घुमटाकार झालं. टिप वारंवार निघते म्हणून घासायचं, आणि घासलं म्हणून ती पुन्हा निघणार, असं हे चक्र आहे.

तपासायला पोलादी पट्टीची कड किंवा नवं ब्लेड पुरतं. ते तोंडावर आडवं ठेवा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरा. ब्लेडखालून कडेला उजेड दिसला तर तोंड गोल आहे. मध्ये उजेड दिसला तर लाकूड पितळेच्या कडेपेक्षा खाली गेलंय. स्नूकरच्या बहुतेक क्यूंना पितळी फेरूल असतं आणि ते वरून उघडं असतं, म्हणजे टिपेखाली बाहेरून पितळेचं कडं आणि आत लाकूड अशी दोन वेगळी पृष्ठं असतात. टिप दोन्हींवर बसायला हवी.

सपाट करण्यासाठी उद्यमबागेतल्या लेथवर क्यू नेण्याचा मोह इथे बऱ्याच जणांना होतो. बेळगावात लेथला तोटा नाही, आणि तिथले कारागीर लोखंडावर केसाच्या अंशाचं काम करतात. पण लोखंड धरणाऱ्या चकाचे जबडे 9-10 मिलिमीटरच्या लाकडी टोकाला चिरडतात, आणि चार फुटांचा शाफ्ट, म्हणजे क्यूची काठी, मागून आधार न देता फिरवला की तो फटकारतो. क्यूसाठीच बनवलेलं सामान हाताशी नसेल तर लेथ नको.

त्याऐवजी सुताराकडून सागवानी लाकडाचा ठोकळा करून घ्या. हाताच्या पंजाएवढा पुरे. त्याला ड्रिलच्या स्टँडवर, म्हणजे अगदी काटकोनात, तुमच्या फेरूलच्या मापाचं आरपार भोक पाडायचं. हातातल्या ड्रिलने पाडलेलं भोक तिरकं जातं, ते चालणार नाही. आता एका जाड काचेवर 240 नंबरचा पॉलिश पेपर पाठीमागून चिकटवा, त्यावर ठोकळा ठेवा, भोकातून फेरूल खाली सोडा आणि अगदी हलक्या दाबाने क्यू गोल फिरवा. ठोकळा क्यूला सरळ धरतो, काच कागदाला सपाट धरते. मार्करने तोंडावर आधी काळी फुली मारून ठेवा. फुली सगळीकडून सारखी पुसली गेली की थांबा. पितळ जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतं, ते उगाच झिजवायचं नाही.

ही फुलीची युक्ती करूनच पाहा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर मध्यभाग पुसलेला आणि भोवती काळं वर्तुळ तसंच राहिलेलं दिसलं, की गोंदावर इतके दिवस घातलेला खर्च कुठे गेला ते कळतं.

लाकूड खाली बसलं असेल तर नुसतं घासून भागत नाही. पातळ सुपरग्लूचे एक-दोन थेंब त्या लाकडाच्या तोंडावर सोडा. उभ्या नसांमधून तो आत शोषला जाईल. पूर्ण कडक झाला की पुन्हा एक थर, मग ठोकळ्यावर सपाट करा. भुसभुशीत झालेलं तोंडही याने बऱ्यापैकी घट्ट होतं. थेंब सोडताना डोळे लांब ठेवा, त्याची वाफ झोंबते.

जवसाचं तेल आणि टिप

आपल्याकडे जवस पिकतो, घाण्याचं तेल सहज मिळतं, आणि क्यूला जवसाचं तेल लावतात हे कुणीतरी सांगितलेलं असतं. सांगणारा चुकीचं बोलत नाही. क्यूच्या अ‍ॅश नावाच्या लाकडावर हे तेल चांगलंच, त्याच्या उघड्या रेषांमध्ये ते भरतं आणि ओलावा आत शिरण्याचा वेग कमी करतं. पण खाण्याचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, पावसाळ्यात तर ते चिकटच राहतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल जवस तेल लवकर वाळतं. ते खाण्याचं नव्हे, घरात वेगळं ठेवा.

गडबड होते ती टोकाशी. तेलाचा फडका शाफ्टवरून थेट फेरूलपर्यंत फिरवला जातो, तेल पितळ आणि लाकडाच्या सांध्यातून आत झिरपतं आणि टिपेखालच्या लाकडापर्यंत पोहोचतं. लाकडाच्या उभ्या नसा तेल वर ओढतात. वरून स्वच्छ दिसणारं तोंड आतून तेल सोडत राहतं, त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून फेरूलच्या खाली चार बोटं जागा कोरडीच सोडायची. टोकाला कागदी टेप गुंडाळून मग तेल लावलं तर चूक होतच नाही. तेल लावून अर्ध्या तासाने सगळं पुसून काढा, क्यू रात्रभर आडवी ठेवा. तेलाचा फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असे बोळे आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा. तेल लावायचं ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तेही दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

आधीच तेल मुरलं असेल तर अ‍ॅसिटोन लागेल. कापसाच्या बोळ्याने तोंड पुसा, उडू द्या, पुन्हा पुसा. बोळा पिवळट यायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवा. नखांचं पॉलिश काढायच्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा तेल आणि सुगंध घातलेला असतो, त्याने काम अधिकच बिघडेल. शुद्ध अ‍ॅसिटोनच घ्या, आणि आसपास आग नको.

चिकटवताना

टिप काचेवरच्या पॉलिश पेपरवर उलटी धरून घासा, खालची तकाकी पूर्ण जाऊन सगळीकडे सारखी मखमल दिसेपर्यंत. इथे 120 नंबर चालतो. चामड्याची धूळ झटका, फुंकू नका. पावसाळ्यात श्वासातलाही ओलावा नको. पुसलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही.

टिपा मुळात कोरड्या हव्यात. डबी उघडी पडलेली असेल तर झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. अथणी-निपाणीकडचे चप्पल करणारे कारागीर चामडं शिवायच्या आधी ठोकून ठोकून दाबून घेतात, तसंच मऊ टिपेचंही आहे : बसवायच्या आधी तिला शिकंजात दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून ठेवली तर ती नंतर कमी पसरते. कोल्हापुरी चपलेच्या तळव्यातूनच टिप कापावी का, असं मला काही जणांनी विचारलंय. नको. ते चामडं चालण्यासाठी घट्ट केलेलं असतं, त्यावर चॉक (टिपेला लावायचा खडू) नीट धरत नाही आणि टिप चेंडूवरून घसरून मिसक्यू होतात.

सुपरग्लू शक्यतो जेलच्या रूपातला घ्या. पातळ गोंद चामड्यात शोषला जाऊन टिप खालून दगडासारखी करतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे झडीच्या दिवसांत तो फार पटकन धरतो आणि टिप मध्यावर आणायला वेळच देत नाही. कडेला पांढरी भुकटी आली तर घाबरू नका, तीही ओल्या हवेची खूण आहे. थेंब एकच, मध्यभागी. टिप ठेवा, किंचित फिरवून मध्यावर आणा, मग क्यू उलटी करून टिप सपाट फरशीवर कागदावर टेकवा आणि वरून उभा, सरळ दाब द्या. मिनिटभर हलवू नका. गोंद धरला म्हणजे खेळायला तयार झाला असं होत नाही, रात्रभर सोडा.

कड कापताना टिप लाकडी फळीवर टेकवून धारदार ब्लेड वरून खाली, फळीकडे न्या. उलट दिशेने कापलं तर ब्लेड टिपेला फेरूलपासून उचलतं. बाजू घट्ट करायला थुंकी लावून घासायची सवय पावसाळ्यात सोडा. कोऱ्या कागदाची घडी घेऊन जोराने घासली तरी उष्णतेने कड तकतकीत होते. घुमटासाठी पूल या खेळाच्या 12-13 मिलिमीटरच्या टिपेला साधारण 22 मिलिमीटर व्यासाचं 1 रुपयाचं नाणं बाजूला धरून आकार जुळवून बघा. स्नूकरची टिप लहान, तिला घुमट याहून थोडा जास्त चालतो.

उन्हाळ्यात फेरूलच टकटक करतं

टिप पावसात निघते, फेरूल शिमग्यानंतर सैल होतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 7-8 टक्के पाणी असतं. हवा दिवसेंदिवस 85-90 टक्क्यांवर राहिली की हळूहळू ते 18-20 टक्क्यांकडे जातं. पाणी प्यालेलं लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतं. पितळ मात्र ओलाव्याने तसूभर हलत नाही. पावसाळ्यात फुगायला जागा नसलेलं लाकूड पितळेच्या आत दाबलं जातं, त्याच्या नसा चेपतात, आणि मार्चमध्ये सुकल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतं. कुदळीचा दांडा उन्हाळ्यात सैल होतो त्याचंही कारण हेच.

आपल्या जिल्ह्यात याचा त्रास अधिक आहे, कारण हवा फार लवकर बदलते. कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस, तर अथणी-रायबागकडे कोरडं माळरान, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. खानापूरची क्यू सामन्यासाठी अथणीला गेली की दोन-चार दिवसांत लाकूड सुकायला लागतं.

शॉट मारताना टोकाशी बारीक टक् असा आवाज आला तर टिप काढायच्या आधी फेरूल दोन बोटांत धरून फिरवून बघा. हलत असेल तर ते काढा, आतला जुना गोंद खरवडून टाका, अ‍ॅसिटोनने पुसा आणि दोन भाग मिसळायच्या, सावकाश घट्ट होणाऱ्या एपॉक्सीने बसवा. सांध्यावर सुपरग्लूचा थेंब सोडून वेळ मारून नेता येते, सामना तोंडावर असेल तर करा, पण ते हंगामभर टिकणार नाही. फेरूल बसवायची योग्य वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. लाकूड सुकलेलं असताना बसवलेलं फेरूल पावसात आणखी घट्ट होतं. जुलैत फुगलेल्या लाकडावर बसवलेलं पुढच्या मार्चला सुटणार, हे गृहीत धरा.

फेरूलच्या खाली लाकडात उभी चीर दिसली तर गोंद भरून खेळू नका. टोक कापून लहान करणं किंवा नवा तुकडा जोडणं हे क्यू बनवणाऱ्याचंच काम.

चिकट आणि वाकडी क्यू

चिकटपणाला पावडर हा उपाय नाही. पावडर, घाम आणि चॉक मिळून लगदा होतो, तो टेबलाच्या कापडावरही उतरतो. फडका पाण्यात घट्ट पिळून एकदा पुसा, लगेच कोरड्याने जोरात घासा, उष्णता जाणवेपर्यंत. खेळून झाल्यावर रोज नुसता कोरडा फडका. पॉलिश पेपरने शाफ्ट घासणं थांबवा, दर वेळी लाकूड बारीक होतं आणि ओलावा शिरायला तोंड उघडं पडतं.

वाकलीय की नाही हे टेबलावर लोळवून ठरवू नका. क्यू निमुळती असते, टेबलही कुठे उतरतं असतं. डोळ्याजवळ धरून बंदुकीच्या नळीसारखी बघा, आणि हळूहळू फिरवा. दोन तुकड्यांची असेल तर दोन्ही वेगळे बघा. वेगळे सरळ पण जोडल्यावर वाकडे दिसले तर जॉइंटच्या तोंडावर घाण किंवा गोंद आहे, लाकूड निर्दोष आहे. खरोखर वाकली असेल तर चुलीवर, हीटरवर धरून किंवा गुडघ्यावर दाबून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. थोडी वाक असलेली क्यू नेहमी एकाच बाजूने धरून खेळता येते.

पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते. तिथे टेकवून ठेवलेली क्यू एका बाजूने पाणी पिते आणि दुसऱ्या बाजूने कोरडी राहते, वाकण्याचं मूळ हेच. आतल्या भिंतीला उभी टांगा किंवा पेटीत आडवी ठेवा, सोबत सिलिका जेल. ओल्या फडक्याने पुसून लगेच पेटीत बंद करू नका. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर नकोच.

टेबलाचं थोडक्यात

क्यूचा दोष समजून लोक टिप बदलतात आणि खरा दोष कापडात असतो, असंही होतं. स्नूकरचं कापड लोकरीचं, ते ओलावा धरतं आणि चेंडू मंदावतो. मोठ्या स्पर्धांमध्ये टेबलाखाली हीटर असतात ते यासाठीच. आपल्याकडे रोज ब्रश आणि आठवड्यातून दोन-तीनदा इस्त्री एवढं तरी करा. बॉककडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या टोकाकडे, लवेच्या दिशेने, सरळ रेषेत, वाफ न देता. इस्त्री आधी पांढऱ्या कागदावर टेकवून बघा, कागद तांबूस झाला तर ती फार गरम आहे. पूलच्या बिनलवेच्या कापडाला याची गरज नसते. खेळ संपल्यावर टेबलावर प्लास्टिक टाकू नका, आत ओल कोंडते. जाड सुती चादर चांगली.

कापड सुकं असूनही चेंडू कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरावरून, थंडच परतत असेल तर अंगठ्याने रबर दाबून बघा. दगडासारखं कडक किंवा पिठासारखं भुगा होणारं रबर जिवंत करता येत नाही, बदलावंच लागतं. ते काम दिवाळीनंतर काढा, आणि कुशनचं कापडही त्याच वेळी नवं घाला, कारण रबर काढायचं तर ते कापड सोडवावंच लागतं आणि एकदा ताणलेलं जुनं कापड पुन्हा सुरकुतीशिवाय बसत नाही.